फ्रंट साइट धूसर, टार्गेट मात्र स्वच्छ: नेमबाजीच्या चष्म्याचा नंबर कसा बसवायचा

ठाणे-नवी मुंबईतल्या दहा मीटरच्या रेंजवर चष्मेवाल्या नेमबाजांची ही तक्रार कायमची आहे. नंबर नुकताच तपासलेला असतो, चष्मा नवा असतो, स्टेशनवरचा इंडिकेटर लांबून वाचता येतो. पण पिस्तूल उचललं की फ्रंट साइटच्या (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या उभ्या पट्टीच्या) कडा पिंजलेल्या कापसासारख्या दिसतात. दुसरा प्रकार असा, की पहिले वीस शॉट छान जातात आणि चाळीसच्या पुढे कडा विरघळायला लागतात. मग सल्ले सुरू होतात: शूटिंगची फ्रेम घे, पिवळी काच लाव, ब्लू-कट करून घे. यातलं काहीही करण्याआधी नंबर बघा. बहुतेक वेळा गोम तिथेच निघते, आणि ती नव्या फ्रेमने सुटत नाही.

नंबर बरोबर असूनही चूक कशी

दुकानात तक्ता सहा मीटरवर असतो, किंवा आरसा लावून सहा मीटर केलेला असतो. त्या अंतरावरची अक्षरं सगळ्यात ठळक दिसावीत म्हणून नंबर काढला जातो. एअर पिस्तूलची फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. म्हणजे लांबचा नंबर लावून तुम्ही एक मीटरवरची वस्तू बघताय. तरुण डोळा आतल्या भिंगावर ताण देऊन तो फरक भरून काढतो, पण ६० शॉट आणि ७५ मिनिटांच्या मॅचमध्ये प्रत्येक वेळी तो ताण देणं जमत नाही. चाळिशीनंतर तर ती ताकदच कमी झालेली असते.

फ्रंट साइटच का स्वच्छ हवी, हे आकड्यांत पाहा. एअर पिस्तूलवर पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरलं, तर फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छरा ३१ मिलिमीटर सरकतो. पिस्तूलच्या टार्गेटवर दोन कड्यांमध्ये ८ मिलिमीटर असतात, म्हणजे हे जवळपास चार गुण झाले. उलट साइट सरळ असताना अख्खा हात ५ मिलिमीटर हलला, तर शॉटही तेवढाच ५ मिलिमीटर हलतो. त्यामुळे पिस्तूलमध्ये काळं वर्तुळ थोडं मऊ दिसलं तरी चालतं. साइटची वरची कड आणि दोन्ही बाजूंच्या फटी धारदार दिसायलाच हव्यात.

आधी एक छोटी चाचणी

जाड काळ्या कागदाला दीड मिलिमीटरचं भोक पाडा, नेहमीचा चष्मा लावून त्यातून एक मीटरवरची बारीक वस्तू पाहा. भोकातून कडा स्वच्छ झाल्या, तर प्रश्न नंबरचा आहे. पुढचं सगळं तुमच्या कामाचं. भोकातूनही धूसरच राहिलं, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कोरडेपणा, मोतीबिंदू, पडद्याचा त्रास, काहीही असू शकतं. तरुण वयात कडेला सावलीसारखी दुसरी प्रतिमा दिसत असेल आणि सिलिंडर (एकाच दिशेतला दोष भरून काढणारा नंबर) बदलूनही ती जात नसेल, तर केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शंकूसारखा होण्याचा आजार) नाही ना, यासाठी कॉर्नियाची तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर साखर स्थिर असतानाच नंबर काढा. साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो.

मोजायचं काय

शिंप्याची टेप घ्या. पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची खूण) लावलेला, कोचच्या परवानगीने रेंजवरच. नेहमीच्या पोझिशनमध्ये उभे राहा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. आता १ ला त्या मीटरमधल्या अंतराने भागा, त्यात टार्गेटसाठी ०.१ मिळवा, आणि बेरजेचं अर्धं करा. हा आकडा लांबच्या नंबरात प्लसच्या बाजूने घालायचा.

फ्रंट साइट ९५ सेंटिमीटरवर असेल तर १.०५ अधिक ०.१, त्याचं अर्धं ०.५८, म्हणजे +०.५०. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा हात आखूड असतो, ७५ सेंटिमीटरच भरतात. तिथे १.३३ अधिक ०.१, अर्धं ०.७२, म्हणजे +०.७५. कोणी सगळ्यांना +०.५० सांगतं, कोणी +०.७५, दोघंही आपापल्या हाताच्या लांबीपुरते बरोबर असतात. बालेवाडीला २५ किंवा ५० मीटरवर गेलात तरी लेन्स बदलायची गरज नाही, कारण ०.१ च्या जागी ०.०४ किंवा ०.०२ येतो आणि उत्तर शंभराव्या भागातच हलतं.

अर्धंच का? फ्रंट साइट पूर्ण स्वच्छ करायला पूर्ण १ डायॉप्टर (म्हणजे एक नंबर) घातला, तर टार्गेट राखाडी डाग होऊन जातं आणि डोळा सारखा पुढे-मागे धावत राहतो. अर्ध्यावर थांबलं की दोन्हीकडे सारखीच थोडी धूसरता वाटली जाते, आणि डोळ्याची बाहुली उजेडात लहान झाली की तीही जवळपास झाकली जाते.

चिठ्ठीवर काय लिहायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. समजा उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर −२.२५, सिलिंडर −०.७५, अ‍ॅक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत) १७० आहे. नेमबाजीचा नंबर −१.७५, सिलिंडर −०.७५, अ‍ॅक्सिस १७०. बदल फक्त गोलाकार नंबरात होतो. सिलिंडर आणि अ‍ॅक्सिसला हात लावायचा नाही. लांबचा +१.०० असेल तर +१.५० होईल.

दुकानात “+०.५० अ‍ॅड हवाय” असं म्हणू नका. चष्म्याच्या धंद्यात अ‍ॅड म्हणजे वाचायचा नंबर, आणि ते लगेच बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह दाखवायला लागतात. तयार झालेला अंतिम नंबर कागदावर लिहा, पुढे “एकच नंबर, पूर्ण काचेत” असं लिहा, आणि डोळा कोणता तेही लिहा. काच हातात आली की तिथल्या तिथे लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून मागा. पाव नंबरचा फरक रस्त्यावर जाणवणार नाही, रेंजवर जाणवतो.

सिलिंडर −०.५० किंवा त्याहून कमी असला की “एवढा लहान आहे, सोडून देऊ” असं सहज म्हटलं जातं. रोजच्या वापराला ते ठीक आहे. नेम धरायच्या डोळ्याला तो लावून घ्या, निदान ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासताना काचा बदलायच्या फ्रेममध्ये) लावून-काढून फरक पाहा.

आणखी एक वर्ग आहे ज्यांचा फार वेळ वाया जातो: ज्यांचा लांबचा नंबर −०.५० किंवा −०.७५ आहे ते. यांना चष्मा काढल्यावर फ्रंट साइट जास्त चांगली दिसते, आणि कोच किंवा पालक पुन्हा चष्मा लावायला लावतात. त्यांचा उघडा डोळाच हवा त्या अंतरावर बसलेला आहे. सिलिंडर नसेल तर त्यांना नंबरची काच नको, डोळ्याच्या संरक्षणासाठी साधी न फुटणारी काच पुरे.

मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी. लहान मुलं तपासणीतही डोळ्यावर ताण देतात, त्यामुळे मशीनवरचा मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. डॉक्टरांकडून थेंब टाकून एकदा खरा नंबर काढून घ्या. दिवसभर मोबाइल आणि क्लास करून थेट तपासायला गेलं तरी असंच फसतं.

विकत घेण्याआधी चाचणी

पिस्तूल घेऊन गोखले रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. लायसन्स लागत नसलं तरी बाकीच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक नसतं. त्याऐवजी फूटपट्टीच्या टोकाला साडेचार मिलिमीटर रुंदीची काळ्या कार्डची उभी पट्टी चिकटवा आणि ती मोजलेल्या अंतरावर धरा. मागे पांढऱ्या कागदावर ५९.५ मिलिमीटर व्यासाचं काळं वर्तुळ छापून लावा. एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचा काळा भाग एवढाच असतो.

दुकानात दहा मीटर मिळत नाहीत. सोसायटीच्या मजल्यावरचा लांब पॅसेज मिळतो. तिथला ट्यूबलाइटचा उजेड मंद असल्याने बाहुली मोठी होते आणि नंबर जास्त वाटतो, म्हणून दिवसा करा किंवा कागदावर टेबल लॅम्प सोडा. ओळखीचा ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर ट्रायल फ्रेम आणि +०.२५, +०.५०, +०.७५ च्या काचा तासाभरासाठी मागा. नेहमीच्या नंबरवर एकेक काच लावत जा. पट्टीची वरची कड आणि काळ्या वर्तुळाची खालची कड दोन्ही ज्या काचेत सगळ्यात कमी हलतात, ती काच तुमची. दोन काचांत फरक कळत नसेल तर पिस्तूलला जास्त प्लसची घ्या, रायफलला कमी प्लसची.

ही चाचणी आयरिस (भोक लहान-मोठं करता येणारी चकती) न लावता करा. छोट्या भोकातून सगळंच बरं दिसतं, त्यामुळे चुकीचा नंबरही पास होतो.

रायफलवाल्यांचा वेगळा त्रास

रायफलला पीपच्या (मागच्या साइटच्या) बारीक भोकामुळे नंबरची थोडी चूक पोटात जाते, +०.२५ ते +०.५० मध्ये काम भागतं. त्रास देते ती मान. गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) टेकला की उजव्या हाताचा नेमबाज काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे काच तिरकी पडते, आणि तिरकी काच आपल्या मनाने सिलिंडर तयार करते. −४.०० ची काच १० अंश तिरकी झाली तर साधारण ०.१२ चा सिलिंडर येतो, २० अंशांना अर्ध्या डायॉप्टरच्या पुढे जातो. फ्रंट साइटची रिंग लंबगोल दिसते, एका बाजूला जाड, ती यामुळे. रायफल किंवा इन्सर्ट (फ्रंट साइटमधली ही रिंग) बदलून ती गोल होत नाही.

इथे एक गैरसमज फिरतो की काचेच्या कडेतून पाहिलं की प्रकाश वाकतो म्हणून शॉट बाजूला जातो. टार्गेट, फ्रंट साइट आणि पीप तिन्ही काचेच्या पलीकडे एका रेषेत असतात. ती सगळी रेष एकत्रच वाकते. झीरो (साइटची जुळवणी) त्याने हलत नाही. नुकसान होतं ते धूसर कडांचं, आणि मान दर शॉटला थोडी वेगळी बसली की धूसरताही बदलते, त्याचं.

कुठून बघताय ते काढायची रीत सोपी आहे. चष्म्याच्या काचेवर पारदर्शक टेप लावा. रिकाम्या रायफलवर पूर्ण पोझिशन घ्या. मदतनीस कानकाडीचं टोक पीप आणि काच यांच्यामधून हळूहळू सरकवतो; टोकाने दृश्य झाकलं की “थांब” म्हणा, तिथे मार्करने ठिपका. तीनदा करा. ठिपके एकमेकांपासून ५ मिलिमीटरपेक्षा दूर पडले तर आधी चीकपीस (स्टॉकवरचा गाल टेकवायचा भाग) आणि डोक्याची जागा पक्की करा; चष्म्याचं नंतर. मग दुकानात लेन्सोमीटरवर काचेचं ऑप्टिकल सेंटर ठिपका मारून घ्या आणि दोन्हींतलं अंतर पट्टीने मोजा. नंबर दोनच्या आत आणि अंतर ८-१० मिलिमीटरपर्यंत असेल तर नोजपॅड वाकवून, किंवा मोठ्या काचेच्या जुन्या धाटणीच्या फ्रेममध्ये सेंटर वर-आत घेऊन निभावतं. नंबर तीनच्या पुढे असेल तर शूटिंग फ्रेमचा खर्च इथे सत्कारणी लागतो.

शूटिंग फ्रेम: काय मिळतं, काय बिघडतं

नोब्लॉख, चॅम्पियन, व्हार्गा, गेहमान या फ्रेमचा खरा उपयोग एकच: एक गोल काच डोळ्यासमोर पाहिजे तिथे, नजरेच्या रेषेला काटकोनात उभी करता येते. पॅरिस २०२४ मध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचने साध्या चष्म्यावर एअर पिस्तूल मिश्र सांघिकमध्ये रौप्य घेतलं, तेव्हापासून “फ्रेम लागतच नाही” असा एक पक्ष झाला आहे. पिस्तूलला मान सरळ असते, नजर काचेच्या मध्यातून जाते, त्यामुळे नंबर नीट असेल तर साधा चष्मा पुरतो हे खरं. स्टॉकवर गाल टेकवणाऱ्याला ते लागू नाही.

काच बसवताना तीन ठिकाणी चुकतं.

होल्डरचा व्यास न सांगताच काच कापली जाते. नोब्लॉखचे होल्डर २३ आणि ३७ मिलिमीटरचे येतात. इतरांचे वेगळे असू शकतात. होल्डरच दुकानात द्या.

गोल काच होल्डरमध्ये फिरते. सिलिंडर असलेल्याला हे फार महाग पडतं. अ‍ॅक्सिस १० अंश फिरला की सिलिंडरचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त दोष परत येतो, आणि ३० अंशांना पूर्ण सिलिंडरएवढा. म्हणजे काच लावून न लावल्यासारखी. दुकानातच काचेच्या कडेला आणि होल्डरला समोरासमोर एक बारीक रेघ ओढून घ्या. स्क्रू आवळताना रेघा जुळलेल्या आहेत का बघा. आमच्याकडच्या खाडीच्या हवेत हे छोटे स्क्रू गंजतात आणि मग सैल राहतात. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

तिसरं, काच डोळ्यापासून लांब जाते. नेहमीचा चष्मा १२ मिलिमीटरवर असतो, शूटिंग फ्रेमची काच सहज २० वर बसते. −६.०० ची काच ८ मिलिमीटर पुढे गेली की डोळ्याला ती −५.७३ एवढीच लागते. म्हणजे पाव डायॉप्टर प्लस आपोआप मिळाला. वर पुन्हा पूर्ण +०.५० घातलात तर जास्त होईल. −४ च्या पुढच्यांनी शेवटची चाचणी फ्रेममध्येच, प्रत्यक्ष अंतरावर करावी.

काचेचं मटेरियल: एवढ्याशा काचेला जाडीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची पातळ महाग काच घेऊन फायदा शून्य. साध्या सीआर-३९ प्लास्टिकमध्ये रंगांची झालर सगळ्यात कमी येते, तिचा अ‍ॅबे आकडा (जितका जास्त, तितकी झालर कमी) ५८ आहे, पॉलिकार्बोनेटचा ३०. पण आघात सोसण्यात पॉलिकार्बोनेट पुढे. ट्रायव्हेक्स मिळाली तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळते. अँटी-ग्लेअर कोटिंग दोन्ही बाजूंना हवं, विशेषतः आतल्या बाजूला, कारण मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब तिथे पडतं. ब्लू-कट नको, उन्हात काळी होणारी काच बंद रेंजवर निरुपयोगी. पिवळा-नारिंगी फिल्टर शेवटी, नंबर जुळल्यावर, आवडला तर.

प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल नेमाला वापरूच नका. मान दोन अंश हलली की नंबर बदलतो.

आयरिस आणि दुसरा डोळा

आयरिस पूर्ण उघडून सुरुवात करा, साइटच्या कडा धारदार होईपर्यंत बंद करा आणि अंधार जाणवला की एक टप्पा मागे या. रायफलच्या पीपवर बहुतेकांचं १.१ ते १.३ मिलिमीटरवर जमतं. त्याहून बारीक केलं की उजेड घटतो आणि कडेला विवर्तनामुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे) पुन्हा धूसरता येते. मग माणूस आणखी बंद करतो. दर आठवड्याला आयरिस थोडा-थोडा बंद करावा लागत असेल तर नंबर हललाय असं समजा.

दुसरा डोळा मिटू नका आणि काळ्या पट्टीनेही झाकू नका. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्याची धार जाते. दुधी प्लास्टिकचा तुकडा लावा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात समोरच्या ब्लाइंडरची (डोळा झाकणाऱ्या तुकड्याची) रुंदी जास्तीत जास्त ३० मिलिमीटर, बाजूच्यांची खोली ४०. पिस्तूलवर नंबरची लेन्स बसवायला परवानगी नाही. ती डोळ्यावरच घालायची.

सुरुवातीला स्वच्छ, नंतर धूसर

नंबर जुळल्यावरही हे होत असेल तर क्रमाने बघा. नेम सात-आठ सेकंदांपेक्षा लांबला तर प्रतिमा डोळ्यात जळल्यासारखी राहते आणि साइट सरळ नसतानाही सरळ वाटते. हात खाली घ्या. एसीचा झोत तोंडावर असेल तर नेम धरताना न मिटलेला डोळा कोरडा पडतो. लेन बदलून मागा, पिस्तूल उचलण्याआधी दोनदा पूर्ण पापण्या मिटा. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना हे जास्त जाचतं, आणि सिलिंडरची टॉरिक लेन्स पापणीसोबत फिरून स्थिर व्हायला क्षणभर घेते. तो क्षण जाऊ द्या. एरवी रायफलला कॉन्टॅक्ट लेन्स सोयीची, काच तिरकी पडण्याची भानगडच उरत नाही. नेमाच्या डोळ्याची लेन्सही त्याच हिशेबाने अर्धा डायॉप्टर प्लसच्या बाजूची घ्या, आणि तो जोड गाडी चालवायला वापरू नका.

जून ते सप्टेंबर काचेवर वाफ धरते. एसी गाडीतून दमट रेंजवर आलं की थंड काच लगेच पांढरी होते. चष्मा डबीतून काढून दहा-पंधरा मिनिटं टेबलावर ठेवा. एसी रेंजवर वाफ तुमच्या घामाची असते: टोपीची पट्टी कोरडी ठेवा आणि काच भुवईपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे घ्या. टी-शर्टने पुसू नका, कोटिंगवर बारीक चरे पडतात आणि दिव्याखाली तेच धुकं होऊन दिसतात. नळाचं पाणी, भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब, मग मायक्रोफायबर.

एवढं करूनही मॅचच्या शेवटच्या वीस शॉटना साइट सुटत असेल, तर +०.२५ ची आणखी एक काच ट्रायल फ्रेममध्ये घालून फक्त ते वीस शॉट मारून पाहा. ग्रुप (शॉटचा पुंजका) आवळला तर थकलेल्या डोळ्याला तेवढा जास्त प्लस हवाय. नवी काच त्याच नंबरची बनवा.